वेगळ्या ठिकाणी

डीपी उडाली त्या रात्री ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर गेला.
पवनीच्या रिपेअरवाल्याने झाकण उघडलं,
हुंगलं, आणि परत लावून टाकलं.
नवा आला बावीस दिवसांनी,
सचिवसाहेबांच्या मेव्हण्याच्या गाडीतून,
कोंबडीखाद्याच्या पोत्यांना टेकून.

माझ्याजवळ फक्त एक हार्ड डिस्क,
साखरेच्या पिशवीत गुंडाळलेली,
टेबलाच्या खालच्या कप्प्यात.

बाकावर डोमाजी नान्हे सकाळी नवापासून.
नातवाच्या जातपडताळणीला
जुन्या घराचा नमुना आठ पाहिजे,
त्या घराचा, ज्याच्यावर आता
वैनगंगेचं अडवलेलं पाणी उभं आहे.

सॉफ्टवेअर म्हणालं, हा बॅकअप दुसऱ्या मशीनचा.
पासवर्ड टाका.
पासवर्ड माझ्या आधीच्या प्रणय काटेखायेने ठेवलेला.
तो आता बुटीबोरीला, कंपनीत.
चौथ्या वेळी फोन उचलला,
यंत्रांच्या खडखडाटातून चालत बाहेर आला
आणि म्हणाला, डोंगाघाट. पुढे अकरा.
मी तो घाट पाहिलेला नाही.
मी लग्न होऊन आले तेव्हा गाव वर आलेलं होतं,
ओळीत, भूखंडाच्या नंबरांसकट.

मग प्रश्न आला, फायली कुठे ठेवायच्या:
मूळ ठिकाणी
वेगळ्या ठिकाणी

सवयीने मी मूळ ठिकाणी दाबलं.
डी ड्राइव्ह सापडत नाही.
"काय म्हणते थो?" डोमाजींनी विचारलं.
"जुनी जागा नाही म्हणतो."
"थे त आमालेबी मालूम हाये,"
म्हणाले, आणि खर्रा थुंकायला बाहेर गेले.

वेगळ्या ठिकाणी.
फोल्डरची रचना तशीच ठेवू का? हो.
एकाच नावाच्या दोन फायली आल्या तर? दोन्ही ठेव.
हिरवी पट्टी सरकत राहिली,
लाईन दोनदा डोळा मारून गेली,
मी इन्व्हर्टरवर हात ठेवून बसले,
तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

सगळं आलं. उघडेना काहीच.
परवानगी नाही.
मालकाच्या रकान्यात नाव नव्हतं,
एक लांबलचक आकडा होता,
डोमाजींच्या प्रकल्पग्रस्त दाखल्यावर असतो तसला.
मालकी माझ्या नावे करून घेतली,
फोल्डरवर, आणि आतल्या सगळ्यांवर.
कोणाला अर्ज करावा लागला नाही.
एवढ्या सोप्या कामाची मलाच थोडी लाज वाटली.

उघडलं तर इंग्रजी अक्षरांचा भुसा.
जुना फाँट नव्या मशीनवर नव्हता.
तोही डिस्कच्या एका कोपऱ्यात सापडला,
प्रणयने 'लागेल' नावाच्या फोल्डरात ठेवलेला.
टाकला, आणि भुशातून
एकेक वेलांटी उठून बसली:
नान्हे डोमाजी सखरू, घर क्रमांक सत्तेचाळीस,
कवेलू, मातीच्या भिंती, पूर्वेस पायवाट,
पश्चिमेस नदी.

प्रिंट त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला.
"पायवाट नोय, थो बैलगाडीचा रस्ता होता."
मी म्हटलं, आता बदलता येत नाही.
ते म्हणाले, तसं नाही, सांगून ठेवतो फक्त.

दोन फायली आल्या नाहीत.
नोंदीत लिहिलं होतं, वाचता आल्या नाहीत.
त्यांची नावं मी वहीत उतरवून घेतली.

नवा बॅकअप लावला. रात्रीचा नाही,
रात्री लाईन नसते. दुपारी तीनचा.
डिस्क पिशवीत गुंडाळून
खालच्या कप्प्यात ठेवत होते
तेव्हा डोमाजी दारातून परत फिरले.
"हे त्याचीच जोड ना?"
"हो."
"आन् त्याच टेबलात?
दोन डोंगे एका खुट्याले नाय बांधत, बाई.
खुटा गेला का दोन्ही जातेत."

संध्याकाळी स्कूटीच्या डिक्कीत
टिफिनशेजारी डिस्क ठेवली.
स्पीडब्रेकर आला की
हळू घेते आता.